जोतीआण्णांचा टंच

जोतिबा निकमांच्या घरी पाहुणा टेकला की पाण्याच्या तांब्याआधी नाण्यांचे ट्रे यायचे. लाल मखमलीचे सहा ट्रे, आणि त्यांत नाणी अशी लख्ख, की कालच टांकसाळीतून निघाल्यासारखी. पाहुणा तोंडदेखलं 'वा' म्हणायचा आणि तिथंच फसायचा. मग आण्णा एकेक नाणं तळहातावर घेऊन सांगत बसायचे. हे कुठं मिळालं, किती काळं होतं, रिठ्याच्या पाण्यात किती वेळ उकळलं, पितळी ब्रश कुठून कुठं मारला, शेवटी मऊ फडक्यानं किती चोळलं. चहा गार व्हायचा, एसटीची वेळ टळायची. आटपाडीपासून आठेक किलोमीटरवरचं ते गाव, आणि गावातली शहाणी माणसं आण्णांच्या दारावरून जाताना मोबाइल कानाला लावूनच जायची.

आण्णा हाडाचे गलाईवाले. आटपाडी-विट्याच्या ह्या कोरड्या पट्ट्यातून घरटी एखादा माणूस सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात गेलेला असतो, तसे आण्णा विसाव्या वर्षी इरोडला गेले आणि चौतीस वर्षं तिथं भट्टीपुढं बसले. मोडकी पैंजणं, चेपलेली ताटं, जुने करंडे, जे येईल ते मुशीत टाकायचं, वितळवायचं, भेसळ काढायची आणि शुद्ध चांदीची लगड पाडायची. ते करण्याआधी टंच सांगायचा, म्हणजे आलेल्या मालात खरी चांदी किती आणि खोट किती ते बोलायचं. आण्णांनी टंच सांगितला की इरोडच्या बाजारात दुसऱ्या दुकानी कुणी विचारायला जात नव्हतं. तमिळ शेटजी आपसात भांडायचे आणि शेवटी 'निकम सांगेल ते' म्हणून गप्प बसायचे. आण्णांनी इरोडमध्ये कमावलं ते हेच. बाकी घर बांधलं, डाळिंबाची बाग लावली, ते काय, कुणीही करतं.

आता अशा माणसाला काळी पडलेली चांदी दिसली की हात शिवशिवणारच. नाणी जमवणाऱ्यांच्या जगात मात्र जुनं नाणं घासणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या रंधा मारून काढण्यासारखं. तो काळा थर हेच त्याचं वय, तो गेला की अक्षरांच्या कडा जातात आणि नाण्याची किंमत चांदीच्या भावावर येते. हे आण्णांना माहीत नव्हतं असं नाही. एकदा धनाजीनं सांगितलं होतं. पण धनाजीनं सांगितलं म्हणूनच त्यांनी ते ऐकलं नाही.

धनाजी चंदनशिवे हा ह्याच गावचा. आण्णांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. आण्णांनीच त्याला इरोडला नेलं आणि अकरा वर्षं तो त्यांच्या भट्टीवर कामाला होता. कामाला चोख, पण एक खोड. मोडीच्या ढिगात एखादं जुनं नाणं दिसलं की ह्याचा हात थांबायचा. "आण्णा, येवढं मला द्या, पगारातनं कापा," म्हणायचा. आण्णा हसायचे. वितळल्यावर सगळी चांदी सारखीच, मग हा खुळा ती अक्षरं कशाला बघत बसतो, हे त्यांना कळायचं नाही. खुळ्याच्या पगारातून ते चांदीच्या वजनाएवढे पैसे कापून घ्यायचे आणि उरलेली नाणी फावड्यानं मुशीत लोटायचे. चौतीस वर्षांत किती गेली असतील, त्याचा हिशोब आण्णांनी कधी केला नाही, आणि आता करायचं धाडस नव्हतं.

पुढं धनाजीला साताऱ्यात एका हायस्कुलात शिपायाची नोकरी लागली. तो तिकडंच राहिला, तिथंच घर केलं, मुलीला, मायाला, शिकवलं. पगारातून काटकसर करून नाणी घेत राहिला, रविवारी पाटण, वाई, कोरेगावकडं हिंडत राहिला, फारसी अक्षरं वाचायला एका म्हाताऱ्या मौलवींकडं जाऊन शिकला. आण्णांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते गावी परतल्यावर सात वर्षांनी एके सकाळी पेपर उघडला आणि आतल्या पानावर धनाजी. नाकावर चष्मा, हातात भिंग, पुढ्यात नाण्यांचा अल्बम. 'नाण्यांतून इतिहास जपणारा शिपाई.'

आण्णांनी ती बातमी तीनदा वाचली. पहिल्यांदा कौतुकानं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा आपलं नाव शोधत. 'इरोडच्या गलाईत अकरा वर्षं काम करताना नाण्यांची ओढ लागली' एवढंच होतं. कुणाच्या गलाईत, ते नव्हतं. ढीग आमचा, भट्टी आमची, नाणी आमच्या हातावरून गेलेली, आणि फोटो ह्याचा.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आण्णांना आवडणार नाही तरी. इरोडला ही दोघं एका खोलीत राहिली, एका ताटात जेवली, कारण परमुलखात कुणी कुणाची आळी विचारत नव्हतं. गावात मात्र निकमांचं घर ओढ्याच्या अलीकडं आणि चंदनशिव्यांचं पलीकडं. आण्णा तोंडानं कधी काही बोलले नव्हते, धनाजी आला की त्याला घरातल्याच कपबशीत चहा मिळायचा. पण तो फोटो बघितला तेव्हा मनात आलं ते आलंच, की ओढ्यापलीकडचा माझ्या पुढं गेला. मनात आलं म्हणून आण्णांना स्वतःची लाज वाटली, आणि ही लाज धनाजीमुळं वाटली म्हणून त्याचा दुप्पट राग आला. मत्सर ही अशी चीज, तिला खायला काहीही चालतं.

त्याच महिन्यात आण्णांनी मखमलीचे ट्रे आणले. एकसष्टाव्या वर्षी माणूस तीर्थयात्रा काढतो, आण्णांनी नाणी काढली. आठवडी बाजारात जुनी भांडी विकणाऱ्यांकडून, सराफांकडून, शिराळ्याच्या नागपंचमीत पाल टाकून बसणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांकडून जे मिळेल ते उचललं. पैशाला कमी नव्हतं. सहा वर्षांत दोनशे चाळीस नाणी झाली आणि दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस त्यांनी घासून आरसा केली. धनाजीची काळीकुट्ट, माझी लखलखीत, लोक काय आंधळे आहेत का, असा त्यांचा हिशोब.

व्हॉट्सअॅपवर धनाजी रोज एक नाणं स्टेटसला ठेवायचा, खाली चार ओळींची माहिती. आण्णा सकाळी दात घासायच्या आधी ते बघायचे. बघितल्याचं त्याला कळतं हे पुढं केव्हातरी नातवानं सांगितलं, तेव्हापासून ते रंगूबाईंच्या फोनवरून बघायला लागले. रंगूबाई त्यांची बायको, सरळ बाई. त्यांना वाटायचं, आपल्या नवऱ्याला दोस्ताचं केवढं वेड.

मागच्या वर्षी सांगलीला नाण्यांचं प्रदर्शन भरलं. धनाजीनं आपल्याबरोबर आण्णांसाठीही एक टेबल मागून घेतलं होतं. आण्णांनी आदल्या दिवशी सहाही ट्रे पुन्हा एकदा चोळून काढले. प्रदर्शनात पुण्याहून एक जाणत्या बाई आल्या होत्या, सगळे त्यांच्या मागं मागं. आण्णांच्या टेबलापाशी येऊन त्यांनी पर्समधून भिंग काढलं, पहिल्या ट्रेवर धरलं, आणि विचारलं, "काका, धुतलीत वाटतं?"

"सगळी," आण्णा छाती काढून म्हणाले. "सोताच्या हातानं."

बाई हसल्या, छान आहेत म्हणाल्या, आणि भिंग पर्समध्ये ठेवलं. शेजारच्या टेबलावर, धनाजीच्या, ते भिंग पुन्हा बाहेर आलं आणि पाऊण तास आत गेलं नाही. कॉलेजची पोरंपोरी तिथं गोळा झाली, कुणीतरी व्हिडिओ काढला. धनाजीनं मध्येच मान वर करून सगळ्यांना सांगितलं, "धातूतलं जे काय मला कळतंय ते ह्या आण्णांकडनं शिकलो." सगळ्यांनी वळून आण्णांकडं बघितलं आणि आण्णांना वाटलं, जमीन फाटून आपल्याला ट्रेसकट पोटात घेईल तर बरं. धनाजीनं मनापासून म्हटलं होतं. आण्णांना ती भीक वाटली.

परतताना एसटीत धनाजी हळूच म्हणाला, की आण्णा, नाणी घासत न्हाईत, काळेपणाच त्यांचा दागिना असतो. आण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. घरी येऊन रंगूबाईंना म्हणाले, "आपली नाणी चमकत्यात म्हणून पोटात दुखतंय त्येच्या." त्यांना ते खरंच वाटत होतं. स्वतःच्या पोटात दुखत असलं की माणसाला सगळ्या जगाचं पोट दुखतंय असं दिसायला लागतं.

तर यंदा, दिवाळी होऊन आठवडा झाला आणि धनाजी साताऱ्याहून आला. नेहमीसारखा हसत नव्हता. रुमालाची गाठ सोडून त्यानं एक रुपया आण्णांपुढं ठेवला. चांदीचा, जाडसर, दोन्ही बाजूंनी फारसी अक्षरं, वर काळ्या ढगासारखा थर. म्हणाला, पाटणकडच्या एका घरातल्या बटव्यातून मिळाला. पेशवाईतला, मिरजेकडच्या टांकसाळीचा असावा, आणि असा ठसा त्यानं आजवर कुठं बघितला नव्हता. पुढच्या महिन्यात साताऱ्यात मोठं प्रदर्शन होतं, तिथं हा मधोमध ठेवायचा ठरला होता. पण समितीतल्या एकानं शंका काढली, की इतका चांगला रुपया इतकी वर्षं कुणालाच कसा दिसला नाही? ओतीव असेल. ओतीव म्हणजे साच्यात ओतून केलेली नक्कल. खरं नाणं ठशाखाली घाव घालून पाडलेलं असतं.

"मी त्यास्नी सांगितलंय," धनाजी म्हणाला, "जोतीआण्णा खरं म्हणलं तर ठेवतो, खोटं म्हणलं तर काढतो. दुसऱ्या कुणाला दावायचं न्हाई."

आण्णांनी रुपया उचलला. तराजूवर अकरा ग्रॅम आणि वर थोडं, बरोबर. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयानं हलकी टिचकी मारली, आवाज लांबत गेला. ओतीव असतं तर बद्द वाजलं असतं. मग भिंगाखाली कड धरली. कडेला दोन बारीक चिरा होत्या, घाव बसून चांदी पसरताना फाटते तशा. साच्यातल्या नाण्याला अशी चीर कधी जात नाही. अक्षरांच्या बुडाशी धातू सरकलेला स्पष्ट दिसत होता. एका मिनिटात आण्णांना कळलं, की नाणं शंभर नंबरी खरं आहे. आणि दुसऱ्या मिनिटात कळलं, की आपल्या दोनशे चाळीस नाण्यांत ह्याच्या पायाशी बसेल असं एकही नाही.

तरी ते वीस मिनिटं भिंग लावून बसले. धनाजी उंबऱ्यात बसून चहा घेत होता आणि आत रंगूबाई त्याची चौकशी करत होत्या. भावजी, तुमचं लय नाव झालं, म्हणाल्या. टीव्हीवर आलासा म्हणं. मग चेष्टेनं म्हणाल्या, "आमच्यात बगा, नाणी आन भांडी एकाच दिवशी घासून निघत्यात." धनाजी हसला. नुसताच हसला, वहिनीच्या बोलण्याला मान म्हणून. पण आण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगलीचं ते भिंग, ती पर्स, ती वळलेली तोंडं सगळी पुन्हा पुढ्यात येऊन उभी राहिली.

"ओतीव हाय," आण्णा म्हणाले.

धनाजीनं कप उंबऱ्यावर ठेवला. आण्णांनाही आपलाच आवाज परका वाटला. पण शब्द सुटला होता, आणि चौतीस वर्षांत त्यांनी सांगितलेला टंच कधी मागं घेतला नव्हता.

"चांदी चांगली हाय, पर नाणं खोटं. कडंला साच्याची रेघ हाय, नीट बघ."

धनाजीनं भिंग घेतलं. बराच वेळ रुपया फिरवत राहिला. रेघ नव्हतीच, दिसणार कुठून? "मला दिसंना," म्हणाला. आण्णा म्हणाले, तुझं डोळं आता साठीला आलं. आणि मग खोट्याला जरा वजन यावं म्हणून त्यांनी वर आणखी घातलं, "आसलं एक करून कोण थांबत न्हाई, धनाजी. साचा केला की ढीगभर वततंय. त्या घरातनं जे काय आलं आसंल ते समदं तसलंच."

त्यांना वाटलं होतं, धनाजी वाद घालेल. फारसी वाचणारा माणूस, अक्षरांवरून काहीतरी काढेल, आणि मग आपल्यालाही 'बघू, पुन्हा बघू' म्हणत सुटता येईल. धनाजीनं वाद घातला नाही. रुपया रुमालात बांधला आणि म्हणाला, "तुमी म्हणताय म्हंजे खोटंच. बरं झालं, लोकांपुढं शोभा व्हायच्या आधी कळलं." जाताना त्यानं आण्णांच्या पायाला हात लावला. दरवेळी लावायचा, पण त्या दिवशी आण्णांनी पाय मागं घेतले.

पहिले चार दिवस आण्णांना झोप छान लागली. धनाजीच्या स्टेटसवर काही येईना. सकाळी रंगूबाईंचा फोन उघडावा, रिकामा बघावा, आणि चहा गोड लागावा. पाचव्या दिवशी नवीनच किडा डोक्यात शिरला. ते नाणं खरं आहे हे अख्ख्या जगात एकट्या आपल्याला माहीत आहे. धनाजीच्या लेखी ते अकरा ग्रॅम चांदी. मग चांदीच्या भावानं मागितलं तर? आण्णांनी तिसऱ्या ट्रेमधला मधला खळगा रिकामा केला. ह्याला घासायचं नाही, असंही ठरवलं. दोनशे चाळीस नाणी घासून झाल्यावर त्या माणसाला पहिल्यांदा न घासायची अक्कल आली, ती अशी.

बाराव्या दिवशी धनाजीचाच फोन आला. प्रदर्शनातून नाव काढून घेतलं, म्हणाला. समितीला लिहून दिलं, की जोतिबा निकमांच्या तपासणीत ओतीव निघालं. आता हे वितळवायचं, आणि तुमच्या हातानं. रविवारी येतो.

आण्णांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की वितळवतोस कशाला, मला दे, चांदीचा भाव देतो.

"न्हाई आण्णा. खोटं नाणं म्या ठेवत न्हाई. आज मला ठावं हाय खोटं हाय म्हणून, उद्या माझ्यामागं पोरं खरं म्हणून इकत्याल. आन खोटी वस्तू तुमच्या घरात कशाला ठिवू?"

तेव्हा फोनवरच सांगता आलं असतं. आण्णा 'ये की' म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्यांनाच माहीत. बागेत पाणी सोडून ते विसरून जायचे. जेवताना रंगूबाई काही विचारायच्या आणि ते तिसऱ्यांदा हाक मारल्यावर मान वर करायचे. धनाजी यायचा नाही, एसटी चुकेल, आजारी पडेल, असं काहीबाही मनात यायचं. आणि इतकं होऊनही मत्सर गेला नव्हता. उलट आता वाटायचं, की हा एवढा जीव लावलेलं नाणं नुसत्या माझ्या शब्दावर आगीत टाकायला निघालाय. माझ्याच्यानं झालं असतं का? नसतं. म्हणजे इथंही तोच पुढं.

रविवारी सकाळी दहाला धनाजी आला. वाटेत उशीर झाला म्हणाला. आण्णांनी परसात विटांची चूल मांडून ठेवली होती, आत इरोडहून आणलेली गॅसची शेगडी, तिच्यावर जुनी मूस, शेजारी चिमटा आणि सवागीची डबी. सवागी टाकली की धातू पटकन पाणी होतो. ज्योत लावली. मूस तळाशी लाल व्हायला लागली. धनाजीनं रुमाल सोडला, रुपया एकदा उलटापालटा बघितला आणि आण्णांच्या हातात दिला. मग दोन पावलं मागं सरून हात जोडल्यासारखे धरून उभा राहिला, माणसाला निरोप देताना उभं राहतात तसा.

आण्णांनी चिमट्यात रुपया धरला. फावड्यानं नाणी लोटणारा हा हात. मुशीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथून पुढं जाईना. घाम कपाळावरून डोळ्यात उतरला. धनाजी म्हणाला, "आण्णा, हात भाजंल."

आण्णांनी चिमटा मागं घेतला आणि गॅसचा कान पिळला.

"धनाजी, नाणं खरं हाय."

धनाजी उदास हसला. माझी समजूत काढू नका, म्हणाला, झालं ते झालं.

"समजूत न्हाई काढत. त्या दिवशीबी खरंच हुतं. मला पयल्या मिन्टाला कळलं हुतं. कडंला रेघ न्हाई, चिरा हायत. ठोकून पाडल्याल्या नाण्याच्या चिरा."

"मग तसं का सांगितलंसा?"

आण्णांनी बाकीचं सगळं गिळलं असतं, पण आता सुरुवात झाली होती. "जळलो तुज्यावर," ते म्हणाले. "पेपरात तुजा फोटो आला तवापासनं जळतोय. माज्या भट्टीवरचा पोरगा, आन लोक त्येच्याकडं बघत्यात. मी बसतो भांडी घासत."

हे बोलल्यावर आण्णांना फार हलकं वाटलं, हे कबूल करायला हवं. इतकं हलकं वाटलं, की आपण काहीतरी चांगलंच केलंय असं त्यांना वाटायला लागलं. नाणं वाचलं होतं. आता धनाजी चिडेल, चार शिव्या देईल, त्या खाऊ, मग रंगूबाई चहा आणतील. ते शिव्यांची वाट बघत उभे राहिले.

धनाजी चुलीशेजारच्या दगडावर बसला. शर्टाच्या खिशातून त्यानं कागदाची पुडी काढली आणि उलगडून जमिनीवर ठेवली. आत चांदीचा एक गोळा होता, नुकताच पाडलेला, अजून कडेला सवागीची काच चिकटलेली.

"बटव्यात पाच हुती," तो म्हणाला. "तुमाला सांगायची लाज वाटली. इतकी वर्सं नाणी बघतोय आन एकाच ठिकाणी पाचांदा फसलो, आसं कसं सांगू? म्हणून एकच दावलं. तुमी म्हणालासा, त्या घरातलं समदं तसलंच. आत्ता येताना विट्यात उतरलो आन चारी वितळवून आणली. हे येवढं ठेवलं हुतं. ह्येच्यावर जीव हुता, म्हणलं, ह्ये तुमच्या हातनं जाऊ दे."

आण्णा त्या गोळ्याकडं बघत राहिले. विटा इथून दीड तासावर. त्यांनी काल फोन केला असता, आज पहाटे केला असता, तरी चाललं असतं. गोळा लखलखीत होता, शुद्ध होता, आणि त्याच्यावर एकही अक्षर नव्हतं. अशा हजारो गोळ्यांना त्यांनी आयुष्यभर हात लावला होता, ह्याला लावायचा धीर होईना.

मग ते म्हणाले, "मी येतो साताऱ्याला. समितीपुढं हुभा राहून सांगतो, नाणं खरं हाय म्हणून. ह्ये येक तरी ठेव प्रदर्शनात."

धनाजीनं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच आण्णांना बघवेना.

"मी त्यास्नी लिहून दिलंय, आण्णा, की तुमी खोटं म्हणलं. आता तुमीच खरं म्हणताय. त्यांनी इचारलं, कोंच्या दिवशीचा जोतिबा निकम खरा धरायचा, तर म्या काय सांगू?"

आण्णांनी चिमट्यातला रुपया त्याच्या पुढ्यात ठेवला. रंगूबाई चहाचे कप घेऊन परसात आल्या आणि दोघांची तोंडं बघून तिथंच थांबल्या. धनाजीनं गोळा पुडीत बांधला, रुपया रुमालात बांधला, दोन्ही एकाच खिशात घातले. ह्या वेळी तो पाया पडला नाही. "येतो, वैनी," एवढंच म्हणाला आणि साडेअकराच्या एसटीला निघून गेला.